‘म्हणजे तुम्ही वकील का?’ : पेटंटच्या कामातली माझी पहिली वर्षं

लग्नकार्यात कुणी विचारलं की ‘पेटंटचं काम करते’ असं सांगून मी मोकळी होते. पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, ‘म्हणजे तुम्ही वकील का?’ आणि दोन, ‘आमच्या मसाल्याच्या नावाचं पेटंट काढून द्याल का?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचंही नाहीच, कारण नावासाठी ट्रेडमार्क असतो. मराठीत आपण ‘त्याचा पेटंट विनोद’, ‘तिचं पेटंट उत्तर’ असं इतकं सर्रास म्हणतो की खरं पेटंट, म्हणजे नव्या शोधावर ठरावीक वर्षांसाठी मिळणारा कायदेशीर हक्क, समजावून सांगायला बसलं तर पंगत उठायची वेळ येते.

हल्ली मात्र तिसरा प्रश्न वाढलाय. नोकरीला कंटाळलेले इंजिनिअर आणि एम.एस्सी. झालेली मुलं विचारतात, ‘हे काम नक्की कसं असतं? मला जमेल का?’ प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते.

आधी नावाचा गोंधळ. भारतीय कायद्यात ‘पेटंट अटर्नी’ असं पद नाही, शब्द आहे ‘पेटंट एजंट’, म्हणजे शोधकाच्या वतीने अर्ज लिहून तो पेटंट कार्यालयापुढे मांडणारा माणूस. ज्यांच्याकडे वकिलीची सनदही असते ते बहुधा स्वतःला अटर्नी म्हणवतात. पेटंट कायदा 1970 चा. त्याच्या कलम 126 नुसार तुम्ही भारताचे नागरिक हवेत, वय 21 पूर्ण हवं, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी आणि पात्रता परीक्षा पास व्हायला हवी. कायद्याची पदवी लागत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात होते आणि सहा वर्षं त्याच त्या ब्रॅकेटची ड्रॉइंगं सुधारत होते.

ऑगस्ट 2017 मध्ये राजीनामा दिला आणि पुण्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये शिकाऊ म्हणून लागले. कारखान्यात हातात 34 हजार येत होते, इथे 18 हजार ठरले. घरी आई काही बोलली नाही, फक्त महिनाभर दर रविवारी ‘जुन्या कंपनीतलं कोणी भेटतं का गं?’ असं विचारत राहिली. हा खड्डा दीड-दोन वर्षं भरत नाही. उडी मारण्याआधी तेवढी शिल्लक बाजूला ठेवा.

मला वाटलं होतं, यंत्रं बघायला मिळतील. पहिले तीन महिने मी फक्त वाक्यं बघितली. पेटंटच्या अर्जात शेवटी क्लेम असतात. आपल्या शोधाची हद्द नेमकी कुठवर हे सांगणारं, कितीही लांब असलं तरी एकच वाक्य. माझा पहिला क्लेम अकरा वेळा लाल शाईने भरून परत आला. त्यातल्या निम्म्या चुका ‘अ’ आणि ‘द’ च्या होत्या. आपल्या भाषेत आर्टिकल नसतं, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांचं इंग्रजीत ते कायम अंदाजपंचे चाललेलं असतं. क्लेममध्ये तसं चालत नाही. एखादा भाग पहिल्यांदा आला की ‘अ लिव्हर’, नंतर ‘द लिव्हर’. आधी ओळख न करून देता थेट ‘द लिव्हर’ लिहिलं की तपासणी अधिकारी विचारणारच, कोणता लिव्हर? आमचे सर म्हणायचे, ‘पाहुण्याची ओळख करून न देता त्याला पानावर बसवू नका.’ हे मात्र पक्कं डोक्यात बसलं.

पात्रता परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होत नाही, हे आधीच माहीत असू द्या. 2016 नंतरची परीक्षा थेट 2018 मध्ये झाली. मी ती दिली. फॉर्म 22 भरायचा, तेव्हा फी 1600 रुपये होती. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, 100 गुणांचा. दुसरा मसुदालेखन आणि अर्थ लावण्याचा, तोही 100 चा. मग 50 गुणांची तोंडी परीक्षा. प्रत्येक लेखी पेपरात किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150 लागतात. हा दुसरा आकडा पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. दोन्ही पेपरांत पन्नाशी गाठून खूश झालेले लोक एकूण बेरजेत अडकतात.

अभ्यासाला मी सकाळी पाच ते सात बसायचे. क्लास लावला नाही. मूळ कायदा, 2003 चे नियम आणि पेटंट कार्यालयाची कार्यपद्धतीची पुस्तिका हे सगळं कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, जुने पेपरही. कलम 3 मात्र पाठच करा. शोध म्हणून काय धरलं जात नाही याची यादी तिथे आहे. आधी माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप परिणामकारकता वाढल्याशिवाय चालत नाही हे 3(ड) मध्ये, शेतीची पद्धत 3(एच) मध्ये, नुसता संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम 3(के) मध्ये, पारंपरिक ज्ञान 3(पी) मध्ये. 3(ड) वरच 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिसचा ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचा अर्ज नाकारला होता. हळदीची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेलच. जखमेवर हळद लावण्यावरचं अमेरिकेतलं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, सीएसआयआरने, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, ते लढवलं आणि तेव्हा तिचे महासंचालक आपले माशेलकर सर होते.

तोंडी परीक्षा मुंबईला अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात होती. मी हळद आणि ग्लिव्हेक दोन्ही घोटून गेले होते. समोरच्यांनी त्यातलं एकही विचारलं नाही. टेबलावरची पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाले, हिचा पहिला क्लेम सांगा. मी सुरुवात केली, ‘अ बॉटल कन्सिस्टिंग ऑफ...’ त्यांनी तिथेच थांबवलं. ‘म्हणजे तुमच्याच बाटलीला मी एक कडी लावली की मी सुटलो?’ ‘कन्सिस्टिंग ऑफ’ म्हणजे एवढेच भाग, बाकी काही नाही. ‘कॉम्प्रायझिंग’ म्हणजे हे भाग आहेत, आणखी असले तरी चालतील. दीड वर्ष रोज लिहीत असलेला शब्द ऐन वेळी तोंडातून चुकीचा बाहेर पडला. दादर येईपर्यंत मी लोकलमध्ये दाराशी उभी राहून रडत होते, आणि शेजारच्या मावशी न विचारता खारे शेंगदाणे देत होत्या.

निकाल लागला. 71, 52 आणि 31. बेरीज 154. चार गुणांनी वाचले. नोंदणीचे 3200 आणि पहिल्या वर्षाचे 800 भरले, क्रमांक आला. हे 800 पुढे दरवर्षी भरावे लागतात, नाहीतर रजिस्टरमधलं नाव टिकत नाही.

नोंदणी झाली म्हणजे सही करायचा अधिकार आला, आणि सहीबरोबर तारखा आल्या. या कामात मला जी धास्ती असते ती तारखांची. तात्पुरता अर्ज केला की 12 महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज करावा लागतो. परदेशी कंपनी पीसीटीच्या, म्हणजे पेटंट अर्जांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, मार्गाने येत असेल तर भारतात यायला पहिल्या अर्जापासून 31 महिने. आक्षेपांचा पहिला अहवाल, ज्याला आम्ही सगळे एफईआर म्हणतो, तो आला की सहा महिन्यांत उत्तर, आणि मुदत संपण्याआधी मागून घेतली तर आणखी तीन महिने. तेव्हाच्या नियमांत त्यानंतर काही नव्हतं. अर्जदाराने अर्ज सोडून दिला असं कायदा धरून चालतो.

नोव्हेंबर 2019 मध्ये एका अर्जाचा तो वाढीव मुदतीचा शेवटचा दिवस माझ्या वाट्याला आला. परदेशी अशिलाच्या सूचना रात्री साडेनऊला आल्या. एजंटांना सगळं ऑनलाइनच भरावं लागतं आणि त्याला डिजिटल सहीचं टोकन लागतं, पेनड्राइव्हसारखं. अकरा वाजता लॅपटॉपने ते टोकन ओळखणं बंद केलं. ड्रायव्हर पुन्हा टाकला, तरी तेच. शेवटी सरांच्या घरी स्कूटरवर गेले. ते लुंगीवरच खाली आले, त्यांच्या टोकनवर उत्तर गेलं 11 वाजून 46 मिनिटांनी. पावतीचा क्रमांक बघेपर्यंत दोघंही काही बोललो नाही. तेव्हापासून माझ्या डायरीत कायद्याच्या तारखेच्या आधी दहा दिवस माझी स्वतःची तारीख लिहिलेली असते, आणि फर्ममध्ये दुसरं टोकन दुसऱ्या लॅपटॉपवर चालू ठेवलेलं असतं. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात हे दोन उपाय करावेत. क्लेम नंतर शिकता येतात.

आता ज्या प्रकरणासाठी खरं तर हे लिहायला घेतलं, ते सांगते. त्यातल्या नवरा-बायको दोघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फेब्रुवारी 2021 मध्ये निफाडकडचे एक वर्कशॉपवाले भाऊ आमच्याकडे आले. बरोबर कांद्याची अर्धी गोणी, भेट म्हणून. त्यांनी कांद्याची पात कापायचं यंत्र केलं होतं. खालून फिरणारे दोन रूळ पात ओढून घेतात आणि पातं ती कापतं. त्यांचा सगळा जीव त्या पात्यावर होता. पोलाद कुठून आणलं, धार कोणत्या कोनात लावली, तासभर ऐकलं. असं काही आधी कुणी केलंय का हे मी धुंडाळायला बसले आणि दुसऱ्याच दिवशी तसली पाती चार जुन्या पेटंटांमध्ये सापडली. हे सांगायचा फोन करणं हा या कामातला सगळ्यात नकोसा भाग. माणसाने तीन वर्षं घातलेली असतात आणि तुम्ही त्याला एक क्रमांक वाचून दाखवता.

त्यात दुसरं संकट. जानेवारी 2020 मध्ये त्यांनी एका कृषी प्रदर्शनात यंत्र मांडलं होतं आणि व्हिडिओही टाकला होता. अर्जाआधी शोध जगासमोर आला की नावीन्य गेलं. प्रदर्शनासाठी सूट आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि 12 महिन्यांच्या आत. हे त्यात कुठेच बसत नव्हतं. म्हणून मी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. काय काय उघड झालंय याची यादी करायची होती.

यंत्र चालू होतं, कांदे आडवे पडत होते, आणि मागे एक बाई न थांबता हाताने ते सरळ करत होती.

मी फोन लावला. ‘भाऊ, मागे कोण आहेत या?’

‘मालकीण आहे आमची.’

‘आणि आता? आताही हाताने सरळ करावे लागतात?’

‘आता कशाला? तिनंच सांगितलं ना, वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सोडा म्हणून. मग मी त्या कमी-जास्त लांबीच्या कापल्या. पण ते सोडा मॅडम, ते आपलं जुगाड आहे.’

पट्ट्या 2020 च्या उन्हाळ्यात आल्या होत्या. व्हिडिओत त्या नव्हत्या. मी धुंडाळलेल्या जुन्या पेटंटांतही कुठे नव्हत्या. उतरत्या लांबीच्या लवचीक पट्ट्या कांद्याला घासत जातात, तो वळून पात खाली येते आणि त्याच क्षणी रूळ ती पकडतात. नवं जे काही होतं ते एवढंच होतं, आणि मुद्दाम विचारलं नसतं तर ते अर्जात आलंच नसतं. माझ्या अनुभवात असं वारंवार घडतं. शोध लावणारा ज्याची लाज बाळगतो, आधी तिथे बघावं. आता मी पहिल्या बैठकीत ‘यात नवीन काय आहे’ असं विचारतच नाही. ‘आधी काय बिघडत होतं आणि ते कोणाच्या लक्षात आलं’ असं विचारते.

मग नावाचा विषय निघाला. संशोधक म्हणून बाईंचं नाव घालावं लागेल म्हटल्यावर भाऊ गोंधळले. ‘तिचं कशाला? घरातच आहे ना सगळं.’ मी सांगितलं, खरा आणि पहिला संशोधक लपवला तर पुढे कोणीही पेटंटलाच आव्हान देऊ शकतं. ते ‘बघू’ म्हणाले. मग मी नियम सांगितला. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यात एक तरी स्त्री असेल, तर फॉर्म 18ए भरून लवकर तपासणी मागता येते. हे ऐकून ते लगेच तयार झाले. तत्त्वाने जे जमलं नाही ते सवलतीने जमलं, याचं मला थोडं वाईट वाटलं, पण दोघांची नावं संशोधक आणि अर्जदार म्हणून लागली.

23 एप्रिल 2021 ला अर्ज गेला. तेव्हा दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते, कुरिअर बंद. सह्यांचे कागद नाशिकहून पुण्याला दुधाच्या टँकरमधून आले, एका कोपऱ्याला डाग होता. सरकारी खर्च असा: अर्जाचे 1600, लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म 9 चे 2500, फॉर्म 18ए चे 8000. एकूण 12,100 रुपये. हे व्यक्तींसाठीचे दर. मोठ्या कंपनीला नुसत्या अर्जाचेच 8000 पडतात. 30 पानं आणि 10 क्लेमच्या वर गेलं की जादा फी लागते, म्हणून 22 पानं आणि 9 क्लेममध्ये बसवलं. एजंटची फी वेगळी. ती आधीच लेखी ठरवून घ्या, आक्षेपांच्या उत्तराची आणि सुनावणीची धरून. बहुतेक भांडणं तिथे होतात.

एफईआर सप्टेंबरमध्ये आला. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो. सगळेच क्लेम नाकारल्यासारखं वाटतं. अशिलाला तो तसाच पाठवू नका, आधी फोन करा. आक्षेप चार होते. एका चिनी दस्तऐवजात कांदे वळवायला ताठ ब्रश होते. आमचा नववा क्लेम कापणीच्या पद्धतीचा होता, त्यावर 3(एच). यंत्रावर 3(एफ), म्हणजे माहीत असलेले, आपापलं काम स्वतंत्रपणे करणारे भाग नुसते शेजारी मांडले आहेत. आणि हो, एका ठिकाणी ‘द स्ट्रिप’ होतं आणि आधी ‘अ स्ट्रिप’ नव्हतं. चार वर्षांनंतरही.

नववा क्लेम सोडून दिला. 3(एफ) साठी भाऊंना एक क्विंटल कांदा पट्ट्या काढून आणि एक क्विंटल पट्ट्या लावून घालायला सांगितला. मोजणी बाईंनी वहीत केली. पट्ट्या नसल्या की रूळ पात पकडतच नाहीत, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांवाचून काम करत नाहीत, हे त्या वहीतून दिसलं. फेब्रुवारी 2022 मध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली, वीसेक मिनिटं. कंट्रोलरसाहेबांनी, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ब्रश आणि ट्यूब यांतला फरक तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. नंतर 15 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. ते दिलं, आणि मग निव्वळ वाट. रोज सकाळी संकेतस्थळावर स्थिती बघायची वाईट सवय लागते. जूनमध्ये मंजुरी आली.

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः फोन केला. ‘ताई, माझ्या भावजयीनं घरच्या यंत्राला अशी ट्यूब लावली तर तिला पण नोटीस द्यायची का?’ मी म्हटलं, हक्क तुमचा आहे, कोणावर चालवायचा ते तुम्ही ठरवा. ‘मग तिला नको,’ म्हणाल्या. ‘तिच्या दिराला द्या.’

अशी प्रकरणं वर्षात दोन-तीनच येतात, हे सांगायला हवं. बाकी दिवस एफईआरच्या उत्तरांत जातात, दुसऱ्याने लिहिलेल्या शोधांवर, ज्यांचे संशोधक कधीच भेटत नाहीत. दिवसाचे आठ तास वाचन आणि दर सहा मिनिटांचा हिशोब टाइमशीटवर. वाचायचा कंटाळा असेल तर येऊ नका. कोर्टात उभं राहायची हौस असेल तर आधी कायद्याची पदवी घ्या. एजंट पेटंट कार्यालयापुढेच चालतो. अपिलांचं वेगळं मंडळ एप्रिल 2021 मध्ये बंद झाल्यापासून ती उच्च न्यायालयात जातात आणि तिथे वकील लागतो. दोनदा माझी प्रकरणं मी दुसऱ्याच्या हाती दिली आणि मागच्या बाकावर बसून ऐकली. आणि जुन्या माहितीवर विसंबू नका. नेहमीच्या तपासणीची विनंती 48 महिन्यांत करायची असं ठिकठिकाणी लिहिलेलं सापडेल, पण मार्च 2024 च्या दुरुस्तीनंतर नव्या अर्जांना 31 महिनेच मिळतात. पेटंटचा वापर कळवणारा फॉर्म 27 सुद्धा आधी दरवर्षी होता, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा.

मंजुरीनंतरही तारखा संपत नाहीत. पेटंट 20 वर्षांचं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरून ते जिवंत ठेवावं लागतं. मार्च 2023 मध्ये मी निफाडला फोन केला, 22 एप्रिलपर्यंत 800 रुपये भरायचेत म्हणून. बाईंनीच उचलला. लाइटबिलासारखं दरवर्षी का, असं विचारून त्यांनी लगेच पैसे पाठवले. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, ‘लसणाचं एक चालू केलंय. यांना सांगून ठेवलंय मी, व्हिडिओ कुठंच टाकायचा नाही.’